कोपरेबाईंचा अंगठा

कोपरेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. सोलर पॅनेलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कोपरे दाबण्याचं काम केलं, म्हणून ते त्यांना चिकटलं. चिकटलेलं पंचवीस वर्षं सुटू द्यायचं नाही हा तर त्या कारखान्याचा धंदाच होता, तेव्हा नाव सुटायचा प्रश्नच नव्हता.

त्यांचं काम आधी समजून घेतलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. पॅनेल म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये वीज तयार करणारा एक थर, केसाहून पातळ. हा थर ऊन हवं तेवढं खातो, पण ओल त्याला सोसत नाही. पाणीच शिरायला हवं असंही नाही. हवेतला दमटपणा आत गेला तरी तो पांढरा पडतो आणि मरतो. म्हणून दोन काचांच्या मध्ये चारही कडांनी बोटभर रुंदीची काळी टेप फिरवतात. टेप रबराची, मळलेल्या पिठासारखी मऊ, आणि तिच्यात ओल शोषून घेणारी पूड कालवलेली. वरून गरम प्रेस दाबला की कड बंद. सरळ कडेला टेप लावायला यंत्र होतं आणि ते आपलं काम चोख करायचं. पण टेप जिथून निघते तिथेच फिरून परत येते, आणि त्या एका कोपऱ्यात दोन टोकं एकमेकांत बेमालूम मिसळावी लागतात. तिथे यंत्राची अक्कल संपायची आणि कोपरेबाईंची सुरू व्हायची.

टोकं तिरकी कापायची, एकावर एक बसवायची, आणि अंगठ्याने आतून बाहेर दाबत मधली हवा काढून टाकायची. नियम हातमोज्यांचा होता. कोपरेबाईंनी उजव्या मोज्याचा अंगठा कात्रीने उडवला होता. "मोज्यातून टेप बोलत नाही," असं त्या म्हणत. दर पॅनेलच्या आधी अंगठा स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा आणि मग दाबायचं. दुसऱ्या कुणी मोजा कापला असता तर साहेबांनी त्याला दारातून परत पाठवलं असतं. पण एकोणीस वर्षांत यांचा एकही कोपरा उघडला नव्हता, तेव्हा साहेब त्यांच्या टेबलावरून जाताना छताकडे बघत जायचे.

बाकी नियमांना मात्र त्या साहेबांपेक्षा कडक होत्या. केसाला तेल लावून कुणी आलं की त्यांना दहा पावलांवरून वास यायचा. "धुऊन ये," एवढंच बोलायच्या. तेलाचं बोट काचेला लागलं की टेप धरत नाही; दिसायला चिकटते, पण एक दिवस सोडते. एका नव्या बाईने कुरकुर केली, "बाई, तेल नाही लावलं तर डोकं दुखतं हो." तर म्हणाल्या, "तुझं एकटीचं दुखेल. पॅनेल गळलं तर सगळ्यांचं दुखेल." माणसं त्यांना मानायची. जवळ कुणी यायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होत असाव्यात.

अपवाद एकच होता, डिंकराव. टेपची रिळं, गोंद, स्पिरिट यांच्या कोठाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. रिळं चंदेरी पिशव्यांत बंद येत. पिशवी फोडली की आठ तासांच्या आत रीळ संपवायचं, नाहीतर टेपमधली पूड बाहेरचीच ओल पिऊन बसते आणि मग पॅनेलमध्ये तिचा काही उपयोग नाही. डिंकराव प्रत्येक पिशवीवर फोडल्याची वेळ मोठ्या अक्षरांत लिहायचे. घरी बायको, दोन मुलगे, एक सून, म्हणजे गृहस्थ भरल्या घरातले. पण जेवणाच्या सुट्टीत अकरा वर्षं ते कोपरेबाईंच्याच बाकावर बसत.

"आज काय म्हणतो तुमचा अंगठा?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलतो."

"माझ्या घरी मला कुणी बोलू देत नाही, बाई. सगळं साठवून इथे आणतो."

"मग डबा कशाला आणता? बोलण्यानंच पोट भरेल."

असं चालायचं. लोक पाठीमागे काहीबाही म्हणत, ते त्यांच्या कानावरही होतं. दोघांनी कधी मनावर घेतलं नाही, कारण तसं काही नव्हतं. वीस मिनिटं गप्पा आणि घंटा झाली की ज्याच्या त्याच्या कामाला.

पण त्या वीस मिनिटांवर कोपरेबाईंचा दिवस उभा होता, हे डिंकरावांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

त्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहत. लग्न केलं नाही. आधी धाकट्या बहिणीचं व्हायचं होतं म्हणून, मग आई आजारी म्हणून, आणि त्यानंतर कुणी विचारलं नाही म्हणून. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बहीण दूरच्या शहरात. रविवारी सकाळी फोन करायची, तोही स्वयंपाक करता करता. "ताई, बोल गं, मी ऐकतेय," म्हणायची आणि पलीकडे नळ सोडायची. शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा, त्यावर यांच्या जेवणाची वेळ ठरलेली. शनिवारी दुपारी अर्धा दिवस भरून बाहेर पडल्या की सोमवारी सकाळपर्यंत बोलायला कुणी नसे. सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याला "काय, बरं आहे का?" म्हणताना आवाज फुटायचा नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी त्या वर्तमानपत्र मोठ्याने वाचायच्या. बातम्यांसाठी नव्हे, घसा मोकळा राहावा म्हणून. यात रडण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. दार कुरकुरू नये म्हणून बिजागरीला वंगण घालतोच की आपण.

आता त्या क्रीमचं.

एकोणीस वर्षं स्पिरिटने पुसून पुसून त्यांच्या हातांची कातडी सुकलेल्या चिखलासारखी झाली होती. बोटांच्या पेरांना भेगा पडत, कपडे धुताना झोंबत. एका शनिवारी खोकल्याचं औषध घ्यायला त्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानात एका बाजूला नवीन टेबल मांडलेलं, त्याच्यामागे एक गोल चेहऱ्याची बाई नमुन्याच्या ट्यूबा घेऊन बसलेली.

"मावशी, हात द्या बघू इकडे."

"मला काही घ्यायचं नाही."

"घेऊ नका. हात तर द्या."

कोपरेबाईंनी हात दिला. त्या बाईने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. तळव्यावर वाटाण्याएवढं क्रीम घेतलं आणि आधी मागची बाजू, मग तळवा, मग एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत, शांतपणे चोळत गेली. अंगठ्याशी आली तेव्हा थांबून म्हणाली, "किती काम केलंय हो या हातानं." दोन मिनिटं लागली असतील. आपला हात याआधी कुणी कधी धरला होता, ते आठवायला कोपरेबाईंना त्याहून जास्त वेळ लागला. आईने, दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात.

त्यांनी ट्यूब घेतली. पण बाई शिस्तीच्या. रस्त्यावर उभं राहून आधी वेष्टन वाचलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तेलविरहित. तेल नाही, म्हणजे हरकत नाही. रात्री लावायचं, सकाळी साबणाने हात धुवायचे, शिवाय टेबलावर स्पिरिट आहेच. एवढा विचार करून त्यांनी स्वतःला परवानगी दिली. एखाद्या नव्या पोरीने असाच विचार करून सांगितला असता तर त्यांनी तिला उभी सोलली असती, ती गोष्ट निराळी.

पुढच्या शनिवारी त्या परत गेल्या. ट्यूब संपली नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेल्या. कपाटात आठवड्याला एक या हिशोबाने न उघडलेल्या ट्यूबा रांगेत उभ्या राहू लागल्या. दुकानातल्या बाईला काय, तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. ती दर वेळी हात धरून तेच बोलायची, आणि कोपरेबाईंना ते दर वेळी ऐकायचं असायचं.

कारखान्यात एक वाफेची कोठी होती. लोखंडी कपाटाएवढी, तिला जाड काचेची खिडकी. आत पाणी उकळायला जरा कमी एवढी उष्णता, आणि हवा ओल्या फडक्यासारखी. दर आठवड्याच्या मालातली दोन पॅनेलं तिच्यात घालायची आणि हजार तास, म्हणजे जवळजवळ सहा आठवडे, शिजू द्यायची. कड पक्की असेल तर पॅनेल जसंच्या तसं बाहेर येतं. कोठी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे वाफाळे म्हणत. स्वभावाने ते कारखान्यातले सगळ्यात थंड गृहस्थ होते. आग लागली तरी आधी वहीत वेळ लिहितील, मग पळतील.

या वाफाळ्यांनी एके दिवशी साहेबांना सांगितलं की एक पॅनेल बाविसाव्या दिवशीच कोपऱ्यातून पांढरं पडलं आहे. पुढच्या आठवड्यात दुसरं, मग तिसरं. एकोणीस वर्षांत न घडलेलं घडत होतं. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं, प्रेस तपासला, काचा तपासल्या, आणि शेवटी बोट टेपकडे वळलं. टेप ओल पिऊन बसलेली असणार. म्हणजे रीळ उघडं राहिलं असणार. म्हणजे डिंकराव.

"वेळ लिहिलेली आहे पिशवीवर," डिंकराव म्हणाले.

"लिहिलेली आहे, पण बरोबर लिहिलेली आहे कशावरून?" साहेबांनी विचारलं. "वय होतं माणसाचं. मी दोष देत नाही. पण सोमवारी किल्ल्या देऊन टाका, पॅकिंगला या."

कोपऱ्याबद्दल कुणी ब्रही काढला नाही. कोपरेबाईंच्या अंगठ्यावर शंका घ्यायची म्हणजे उद्या सूर्य उगवेल की नाही असं विचारण्यासारखं होतं. त्या स्वतःही घेत नव्हत्या.

हे बुधवारी झालं. गुरुवारी वाफाळे ती खराब पॅनेलं कोपरेबाईंच्या टेबलावर घेऊन आले. "जरा बघा बाई. जोडाच्या कोपऱ्यातूनच सुरुवात आहे. जोड म्हणजे कच्ची जागा, टेप वाईट असली की आधी तिथेच फुटायचं, हे बरोबर ना?"

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि वाकून बघितलं.

पांढरा डाग चंद्रकोरीसारखा होता. तिन्ही पॅनेलांवर एकाच जागी, एकाच आकाराचा. टेप वाईट असती तर एवढ्या दिवसांत बाकीच्या कडाही निदान धूसर झाल्या असत्या. त्या कडा लख्ख होत्या. वाफाळे गेल्यावर त्यांनी आपला उजवा अंगठा काचेपासून बोटभर उंचावर धरला. डागाच्या बाहेरची रेघ आणि अंगठ्याची कड, दोन्ही बरोबर जुळत होत्या.

शिफ्ट सुटल्यावर त्या मागे राहिल्या. काचेचा एक तुकडा घेतला, स्पिरिटने पुसला. अंगठाही नेहमीसारखा पुसला, तुकड्याच्या मधोमध दाबला आणि वरून पाणी ओतलं. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं. ते पसरलंही, पण अंगठ्याच्या जागेपाशी येऊन थांबलं, गोल कडा करून मागे सरलं, आणि मध्ये अंगठ्याएवढी कोरडी जागा उरली. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला. साबणाने हात तीनदा धुऊन चौथा घेतला. पाणी प्रत्येक वेळी त्यांच्या अंगठ्यापासून पळालं.

त्यांना क्रीम आठवायला वेळ लागला नाही. तेल नसेल, पण दुसरं काहीतरी असलं पाहिजे, आणि स्पिरिटला ते निघत नसलं पाहिजे. उलट स्पिरिट ते अंगठाभर पसरवत असलं पाहिजे.

सरळ चालत साहेबांकडे जायला हवं होतं. साहेब सहापर्यंत असत. तेव्हा साडेचार वाजले होते. त्या काचेचे तुकडे गोळा करून घरी गेल्या.

शुक्रवारी सुट्टीत डिंकराव बाकावर येऊन बसले, पण डबा उघडला नाही.

"बाई, खरं सांगू? मलाच आता खात्री वाटेनाशी झालीय. काल घरी गॅस बंद केला की नाही ते तीनदा उठून बघितलं. बायको म्हणाली, अहो, झालंय काय तुम्हाला? आता मी तिला काय सांगू?"

"काही होत नाही तुम्हाला."

"तुम्हाला काय ठाऊक?"

हे त्यांनी सहज विचारलं होतं. कोपरेबाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. "जेवून घ्या," म्हणाल्या. घंटा झाली.

का सांगितलं नाही? नोकरी जाईल म्हणून नव्हे. दोन वर्षांत त्या निवृत्तच होणार होत्या. सांगितलं असतं तर क्रीम लावल्याचं सांगावं लागलं असतं, मग किती वेळा आणलं ते, आणि मग का आणलं ते. कपाटात सात न उघडलेल्या ट्यूबा का, याला काय उत्तर द्यायचं माणसाने? शिवाय शनिवार मध्ये होता. हे लिहायला अवघड वाटतं, पण खरं आहे ते आहे. शनिवार मध्ये होता.

शनिवारी त्या दुकानात गेल्या. विचारायला म्हणून गेल्या, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

"यात सिलिकॉन आहे का हो?"

गोल चेहऱ्याच्या बाईने ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. "अमुक... तमुक... डायमेथिकोन. तेच ना ते? त्यानंच तर हात असा रेशमासारखा लागतो, मावशी. चांगलं असतं. आणा हात."

सिलिकॉन म्हणजे टेपचा वैरी. तेल परवडलं. सिलिकॉन जिथे बसतं तिथे पुढे काही चिकटत नाही, आणि साबण, स्पिरिट कशालाही ते दाद देत नाही. हे कोपरेबाई नव्या बायकांना पहिल्याच दिवशी शिकवायच्या. केसाच्या फवाऱ्यात असतं, गाडीच्या पॉलिशमध्ये असतं, सांभाळा, असं बजावायच्या. हाताच्या क्रीममध्ये असतं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण हाताला क्रीम लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

आता माहीत झालं होतं. तरी त्यांनी हात पुढे केला. मागची बाजू, तळवा, एकेक बोट. "किती काम केलंय हो या हातानं," बाई म्हणाली. कोपरेबाईंनी डोळे मिटून घेतले.

सोमवारी सकाळी साडेआठला त्या साहेबांच्या खोलीत होत्या. वाफाळे होते, किल्ल्या द्यायला आलेले डिंकरावही होते. कोपरेबाईंनी काचेचे तुकडे टेबलावर मांडले, अंगठा पुसला, दाबला, पाणी ओतलं. साहेबांची फाइल थोडी भिजली.

"क्रीम?" साहेब म्हणाले. "तुम्ही?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन महिने होत आले. अठ्ठावीस तारखेपासून. त्या दिवसापासूनची सगळी पॅनेलं परत मागवा. कोपरा उघडेल प्रत्येकाचा."

"पण कशासाठी?"

"हात कोरडे पडले होते."

"आणि हे कळलं कधी तुम्हाला?"

"गुरुवारी."

डिंकरावांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघत नव्हत्या.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बाई, तुम्हा दोघांची बैठक सगळ्यांना माहीत आहे. मैत्रीखातर पाठीशी घालायचं असेल तर मी समजू शकतो. पण तुमच्या अंगठ्याला क्रीम आहे म्हणून टेप चांगलीच होती, असं तर सिद्ध होत नाही."

"नाही होत," वाफाळे म्हणाले. त्यांनी वही उघडली होती. "त्याच रिळांतली उरलेली टेप आहे. चार पॅनेलं करू. कोपरे दुसऱ्या कुणी मोजा घालून, लाटण्यासारख्या छोट्या रुळानं दाबायचे. हजार तास कोठीत. पांढरी पडली तर टेप. नाही पडली तर..." त्यांनी वाक्य सोडलं, पूर्ण करायची गरज नव्हती.

असं ठरलं. डिंकराव तोवर पॅकिंगला, आणि कोपरेबाई वाफाळ्यांच्या खोलीत, कोठीच्या नोंदी करायला. डिंकराव सुटायचे तर कोपरेबाई दोषी ठरायला हव्या होत्या. मधली वाट नव्हती.

रूळ दाबायचं काम प्रेसवरच्या एका बाईला दिलं. जिला तेलावरून कधीकाळी परत पाठवलं होतं तीच ही. कोपरेबाईंनीच तिला शिकवलं, हात मागे बांधून, टेबलापासून दोन हात लांब उभं राहून. "तिरकं काप. अजून तिरकं. आता आतून बाहेर. घाई करू नको, हवा आपण होऊन निघते." ती घाबरली होती. "बाई, तुम्ही एकदा दाबून दाखवा ना." "नाही," त्या म्हणाल्या. "मी आता कशाला हात लावायचा नाही."

मग सहा आठवडे. रोज सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला खिडकीतून विजेरी मारायची आणि सोळा कोपऱ्यांची नोंद करायची. वाफाळे दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातली दोन आकड्यांची असत. जेवणाच्या सुट्टीत डिंकराव पॅकिंगच्या माणसांबरोबर बसू लागले. पहिल्या दिवशी कोपरेबाई बाकावर जाऊन बसल्या, घंटा होईपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून डबा कोठीच्या खोलीतच उघडला. बहिणीला फोनवर काहीच सांगितलं नाही. पलीकडे नळ वाहत होता. दुकानाच्या रस्त्याने जाणं सोडलं, कपाटातल्या ट्यूबा पिशवीत भरून कचऱ्यात टाकल्या.

विसाव्या दिवशी सकाळी विजेरी मारली आणि तिसऱ्या पॅनेलच्या कोपऱ्यात पांढरट झाक दिसली. त्यांच्या छातीत काहीतरी उसळलं, आणि ती भीती नव्हती. तो आनंद होता, निखळ आनंद. टेपच वाईट होती! अंगठा निर्दोष होता! आपण टेबलावर परत जाणार! दोन श्वास एवढा वेळ त्या या आनंदात होत्या. मग बाहीने खिडकी पुसली, आणि झाक गेली. त्यांचाच श्वास काचेवर जमला होता. आत कोपरा काळाभोर आणि स्वच्छ होता.

त्या स्टुलावर बसून राहिल्या. आपण नेमकं काय मागत होतो, ते त्यांना कळलं होतं: डिंकराव दोषी ठरावेत.

बेचाळिसाव्या दिवशी दहा वाजता कोठी उघडायची होती. साहेब आले, रूळवाली बाई आली, डिंकराव पॅकिंगचा निळा कोट घालूनच आले. वाफाळ्यांनी दार उघडलं, गरम वाफेचा लोट बाहेर आला आणि सगळे एक पाऊल मागे सरले. पॅनेलं टेबलावर ठेवली. डिंकरावांनी स्वतःची विजेरी आणली होती. एकेका कोपऱ्याशी वाकून, चष्मा वर करून, खाली करून, त्यांनी सोळाच्या सोळा कोपरे बघितले. कुणी घाई केली नाही.

"स्वच्छ," ते म्हणाले.

"स्वच्छ," वाफाळे म्हणाले आणि वेळ लिहिली.

साहेबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून डिंकरावांच्या हातात ठेवला, पाठीवर थाप मारली. रूळवाल्या बाईला म्हणाले, "उद्यापासून कोपरे तुझे." मग कोपरेबाईंकडे वळले, घसा खाकरला. "बाई, तुम्ही इथेच राहा. नोंदी चांगल्या असतात तुमच्या."

"बरं."

सगळे गेले. वाफाळे पुढची पॅनेलं आणायला गेले. डिंकराव दारापर्यंत जाऊन थांबले होते.

"गुरुवारी कळलं होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"शुक्रवारी मी ते गॅसचं सांगत होतो, तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"शनिवारी मी डॉक्टरकडे गेलो होतो. घरी सांगितलं नाही. डोकं तपासून घ्यायला. त्यानं मला कागदावर घड्याळ काढायला लावलं. म्हणाला, दहा वाजून दहा मिनिटांचे काटे काढा. पोरासोरांना सांगतात तसं. मला घाम फुटला, बाई. पेन धरता येईना." ते थांबले. "तुम्ही कुठे होतात शनिवारी?"

काहीही सांगता आलं असतं. घरी होते, म्हटलं असतं तर ते निघून गेले असते.

"दुकानात," कोपरेबाई म्हणाल्या. "तेच क्रीम हाताला लावून घेत होते."

"कळल्यानंतर?"

"कळल्यानंतर. तिथली बाई हात धरते. एवढ्यासाठी."

डिंकरावांनी कोपरेबाईंच्या हातांकडे बघितलं. हात नोंदवहीवर होते, दोन्ही पांढऱ्या मोज्यांत, अंगठ्यासकट. त्यांना काही विचारायचं असावं, किंवा रागाने काही बोलायचं असावं. चेहऱ्यावर दोन्ही येऊन गेलं. अकरा वर्षं शेजारी बसलेला माणूस. या बाईचा हात धरायला कुणी नाही, हे आजवर त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आज आलं, आणि आज त्याचं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

"कोठार उघडायचंय," ते म्हणाले, आणि गेले.

वाफाळे नवीन पॅनेलं घेऊन आले. दोघांनी मिळून ती आत लावली. कोपरेबाईंनी दार लावलं, खिटी घट्ट केली, आणि वहीचं नवं पान उघडून तारीख घातली. वरती लिहिलं, तास शून्य.

बाराची घंटा झाली. वाफाळे डबा घेऊन बाहेर गेले. बारा वाजताची नोंद राहिली होती. त्यांनी विजेरी उचलली, श्वास रोखून धरला आणि खिडकीशी वाकल्या.